चौसष्टाच्या घरातली सुपारी

भांडी बाजारात, दुसऱ्या जिन्यावर,
देवकुटे काकांच्या खोलीत स्कॅनर लावून आज अकरावा दिवस.
लाल खारव्याच्या बासनातून वही निघते,
उभट, लांब, कडेला वाळवी लागलेली.
काका शेजारी बसून राहतात,
मशीन पान खाईल की काय अशा नजरेनं.

"यात आमची शाई कुठे गेली, ताई?"

सुपाऱ्या आहेत का, मी विचारलं.
ते हसले. भटजीच्या घरात विचारायची गोष्ट का ही?

फरशीवर खडूनं आठ घरं काढली.
उजवीकडून एक, दोन, चार,
प्रत्येक घर शेजारच्याच्या दुप्पट.
सुपारी आहे किंवा नाही, एवढंच.
एकोणनव्वद नंबरच्या वहीसाठी
त्यांनी आपणच मांडल्या:
चौसष्टावर, सोळावर, आठावर, एकावर.
"आणि रिकामी घरं?"
तीही धरायची, काका.
ती नसली तर सोळाला सोळा कोण म्हणेल?

"पण हे एकोणनव्वदच, कशावरून?"

कॉलेजात हे मला कुणी विचारलं नव्हतं.
याच चार सुपाऱ्या अक्षर म्हणून वाचल्या तर इंग्रजी वाय.
उजेड म्हणून वाचल्या तर ओल्या राखेचा करडा,
खाली रामकुंडात रोज विरघळतो तो.
सुपारीला ठाऊक नसतं आपण काय आहोत.
वाचणाऱ्यानं ठरवून यायचं.

दक्षिणेच्या रकान्याशी मात्र वेगळंच झालं.
पाव, निम्मे, पाऊण यात चपखल बसतात,
एक आणासुद्धा, रुपयाचा सोळावा हिस्सा.
पण दहा पैसे?
रुपयाचा दहावा भाग मांडायला गेलं
की घरं संपतात आणि थोडं उरतंच,
मग मशीन जवळपासचं काहीतरी लिहून मोकळं होतं.
काकांनी मांडीवर थाप मारली:
"म्हणजे पणजोबांचा सव्वा रुपया नेमका,
आणि माझाच हिशेब घोळाचा!"
पावकी-निमकी पाठ असलेला माणूस
पहिल्यांदा मशीनकडे सरकून बसला.

ठकूबाई पिंगळे, मुक्काम धरणगाव.
तिच्या आडनावातल्या एका ळ-ला
चोवीस घरं लागतात, अकरा सुपाऱ्या.
वरची मात्रा निराळी, तिला आणखी चोवीस.
तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं.
निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.
रेघ, खाच, रेघ, खाच.
शाई लागली, शाई नाही लागली.
इथे स्कॅनरला फारसं काही करायचं नव्हतं.

पुढे अपत्यांची जागा कोरी.
शून्य टाकू की रिकामं सोडू?
मशीनला दोन्ही वेगळं.
शून्य म्हणजे विचारलं, आणि नव्हतं.
काका बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिले.
"सोड रिकामं. विचारलंच नसेल कुणी."

शेवटची वही पुरातली.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं तेव्हा
काकांच्या वडिलांनी ती डोक्यावर धरून नेली होती.
पानभर तपकिरी ओघळ.
मशीननं त्यातली एकही छटा सोडली नाही,
नाव मात्र एकही आलं नाही.
"वाचली एवढी वही," काका म्हणाले,
मग स्वतःशीच, "वाचता येत नाही, ते सोड."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.
कुणी यजमान, हातात नारळ, घाईत.
काकांनी इकडेतिकडे पाहिलं,
फरशीवरून चौसष्टाच्या घरातली सुपारी उचलली,
धुतली,
तांदळावर ठेवली.
यजमानानं वाकून तिला हात जोडले,
गणपतीला जोडतात तसे.

माझ्या पायाशी पंचवीस उरले.